डावीकडे अर्धा इंच

माझ्या वहीत दोनशे अकरा बायका आहेत.
छाती, कंबर, बाही, खांद्यापासून खांदा.
कुणाच्या नावापुढे उधारी,
कुणापुढे लाल फुली:
तिच्या मापाचं आता काही शिवायचं नाही.
फुल्या बावीस.
कोण कशानं गेली, मी कधी विचारलं नव्हतं.
"आजारी होती" एवढंच म्हणतात इथे,
आणि शनिवारच्या मयतासाठी
काळं-तांबडं कापड घेऊन माझ्याच दारात येतात.

कुमासी शहर, बांतामाचा रस्ता,
निळा रंग फासलेला लोखंडी डबा, ते माझं दुकान.
जानेवारीत हरमॅटन सुटतो,
वाळवंटाची धूळ मशीनच्या तेलात उतरते,
सुई दिवसभर कुरकुरते.
अशाच एका सकाळी सेरवा आली,
धुरावलेले मासे विकणारी,
एका हाकेत अर्धा बाजार वळवणारी.
भाचीच्या लग्नाला काबा हवा होता,
अंगासरशी बसणारा.

फीत लावली.
बारा वर्षं तिचं माप माझ्या बोटांना पाठ.
डावीकडे अर्धा इंच जास्त.
पुन्हा लावली.
अर्धा इंच.
"मासे विकतेस की खातेस?" मी हसले,
आणि बोट अडलं.
रोज शंभर वेळा दोऱ्याच्या टोकाला मारते मी,
गाठ काय असते हे मला कुणी शिकवायला नको.
ही कुणी मारलेली नव्हती.

"दुखतं?"
"दुखत नाही, म्हणून तर बोलले नाही."
ईस्टरपासून होती.
पास्टरनं तेल दिलं होतं, मामानं सालीचा लेप.
नवरा ताकोराडीला,
त्याला फोनवर माशांचा भाव तेवढा सांगितला.

काबा मी शिवला नाही.
आधी इस्पितळ, मग कापड, म्हणाले,
आणि तिचं कापड कपाटात कुलूपबंद केलं.
महिनाभर शिव्या खाल्ल्या. मग ती आली.

बाकावर आम्ही दोघी, पुढे नर्स कोनादू,
तिच्या हातात फॉर्म.
पहिलं मूल कितव्या वर्षी? अंगावर किती पाजलं?
आईला काही होतं?
"आईचा हात सुजला होता. हातानंच गेली म्हणतात."
कोनादूचं पेन थांबलं.
तिनं वर पाहिलं, मग लिहिलं.
"माझ्या घरात तर कुणालाच नाही," मी उगाच म्हणाले.
"या बाकावरच्या बहुतेकींच्या घरात नव्हतं," ती म्हणाली,
मान वर न करता.
पलीकडे चौतीस वर्षांची एक मुलगी
पाठीवरचं बाळ डुलवत उभी होती.

तिथली सुई पोकळ.
माझी सुई दोरा ठेवून येते,
ती काहीतरी घेऊन परत जाते,
आणि तीन आठवडे बोलत नाही.

त्या तीन आठवड्यांत मी वही घेऊन हिंडले.
फुलीमागची घरं. बहिणी, सुना, एक म्हातारा नवरा.
"आजारी म्हणजे कशानं?"
दोघींनी दार लावलं. एकीनं पाणी दिलं
आणि बोलताना स्वतःचीच छाती झाकली.
बावीसांत सात.
ही शिंपिणीची वही आहे, सरकारी आकडा नव्हे.
तरीही सात.

सेरवाची डावी बाजू आता सपाट आहे.
भाचीचं लग्न झालं, मूलही झालं,
कापड मी कपाटातून काढलं.
सावरीचा कापूस भरून उशी शिवली,
दोनदा उसवली, वजन जमेना.
"उजवीपेक्षा हलकी नको," ती म्हणाली,
"टोपली डोक्यावर घेतली की तोल जातो."
दर सहा महिन्यांनी तपासणी आहे.
पुढचं ती विचारत नाही, मीही नाही.
कपडे घालून उरलेलं कापड परत मागितलं तिनं.
माझी वाणी बंद. दिलं.

काल दुकान मिटताना
हाताखालची पोर, आकोमा, तिला म्हटलं,
फीत घे, माझं माप काढ.
वहीत माझं नावच नाही.
ती लाजली, फीत हवेत धरून उभी.
नीट लाव, म्हटलं, दोन्हीकडे,
बोटांनी, घाई न करता.
ती आकडा पुटपुटली.

मोठ्यानं सांग, पोरी.